कॉम्प्युटरच्या पोटातल्या अक्षता

औंढ्याला अर्ज आणि लग्नपत्रिका टाइप करून माझं घर चालायचं. माझा सात वर्षांचा कॉम्प्युटर आधी पेंगायला लागला आणि दसऱ्यानंतर पुनःपुन्हा बंदच पडू लागला, म्हणून दुरुस्तीवाल्याला बोलावलं. हा माणूस आधी काही विचारत नसे. बटण दाबून कॅबिनेटला कान लावायचा आणि दूर शेतातलं इंजिन ऐकत असल्यासारखे डोळे मिटून बसायचा. दुपारची उन्हं त्याच्या पाठीवरून सरकत राहायची आणि बघणाऱ्यालाही गुंगी यायची.

"म्हातारं झालं. आता नवाच घेतो," मी म्हणालो. त्याच्या दुकानात एक नवा विकायला पडून होता, त्यामुळे तो नाही म्हणणार नाही याची मला खात्री होती.

त्यानं झाकण उघडलं. पंख्यात कुंकवानं लाल झालेले तांदूळ अडकले होते. खंडेनवमीला मी मशीनची पूजा केली होती, आणि अक्षता थेट पोटात पोचाव्यात म्हणून फटीतून आत सोडल्या होत्या.

"उंदरानं नेले असतील," मी म्हणालो.

"कुंकू लावून नेले व्हय, काका?" त्यानं मान वर न करता विचारलं.

एकेक दाणा चिमट्यानं काढून त्यानं कागदाच्या पुडीत बांधला, पायाखाली येऊ नये म्हणून. मग रॅमची एक पट्टी वाढवली. पंखा घुमू लागला.

"आन् नव्याचं?" मी विचारलं.

"काहून? हे बराबर चालून राहिलं. दोन वर्सं सहज जाईल. नव्याचीबी तुमी पूजाच करसाल."

हातचं गिऱ्हाईक घालवून तो समाधानानं डोळे मिटून बसला. माझ्या अक्षतांवर त्यानं निदान हसावं तरी, असं मला वाटत राहिलं.