चालू गाडीची पूजा

सासऱ्यांच्या मोटरसायकलचं एअर फिल्टर मी कचऱ्याच्या गाडीत टाकून दिलं. एवढ्यावर थांबलो असतो तरी निभावलं असतं. पण कार्ब्युरेटरच्या जेटचं, म्हणजे पेट्रोल येतं ते बारीक भोक, ड्रिलने मोठं केलं, आणि कार्ब्युरेटरच्या उघड्या तोंडाला चकचकीत पितळी नरसाळं बसवलं. इंजिनाला हवा जास्त मिळाली की गाडी उडते, असं एका व्हिडिओत ऐकलं होतं. चाकणच्या कंपनीत मी क्वालिटीला. केसाएवढ्या फरकाने पार्ट परत पाठवतो. घरी मात्र ड्रिल निव्वळ अंदाजपंचे.

सासऱ्यांचे गुडघे आता किक मारू देत नव्हते. "दसऱ्याला पूजा करू, मग गाडी तुमची," असा शब्द त्यांनी दिला होता. थोरल्या साडूंचाही तिच्यावर डोळा होता. म्हणून सर्व्हिसिंगच्या नावाखाली ती माझ्या घरी काळेवाडीला आणली, आणि नुसतं ऑइल बदलणं मला कमीपणाचं वाटलं.

दसऱ्याला त्यांच्या अंगणात शिरलो तो गर्जना करतच. कोंबड्या पांगल्या.

"पाव्हणं, आवाज का बदलला हिचा?"

"मोकळा श्वास घेतेय, मामा."

"मग आमी काय नाक दाबून ठिवलं हुतं व्हय?"

सासूबाई ताट घेऊन आल्या. "बंद करा की ती."

"राहू द्या, मामी. चालू गाडीचीच पूजा खरी." हे कुठल्या शास्त्रात आहे, मलाही ठाऊक नाही.

त्यांनी हँडलला झेंडूचा हार घातला, टाकीला कुंकू लावलं आणि इंजिनावर मूठभर अक्षता टाकल्या. नेमका तेव्हाच मी रुबाबात अ‍ॅक्सिलरेटर पिळला. नरसाळ्याने सगळा प्रसाद मनोभावे आत ओढला. मी मूठ सोडली, पण आत दाणे अडकल्याने इंजिन किंचाळतच राहिलं. चावी हाराखाली. ती सापडेपर्यंत झेंडूच्या पाकळ्याही आत गेल्या, मग गाडी एकदा खोकली आणि गप्प झाली.

कार्ब्युरेटर उघडला, तर आत पेट्रोलने ओला झालेला केशरी भात. किक मारली, तर पाय नुसताच खाली गेला; इंजिनात दमच उरला नव्हता.

सासरे गाडीभोवती एक फेरी मारून आले. सासूबाईंकडे वळून म्हणाले, "थोरल्या जावयाला फोन लाव. त्याला गाडीतलं काय बी कळत न्हाई. त्याच्याकडं जगंल ती."