समाधानच्या नावाचं वॉरंट

खानदेशात बहुरूप्याला रायरंद म्हणतात, आणि झुलालसारखा रायरंद दोंडाईच्याच्या पंचक्रोशीत दुसरा नव्हता. हिवाळ्यात खळी उरकली की गडी खाकी चढवायचा, मिशीला पीळ द्यायचा आणि दारोदार वॉरंट बजावत फिरायचा. गुन्हे तरी कसले? कुणी बायकोला भ्यायचा, कुणी सासऱ्याआधी जेवायला बसला. लोक पोट धरून हसायचे, सूपभर ज्वारी झोळीत पडायची. जिभेला हाड नसतं, तेच त्याचं भांडवल.

भिकुबाईचं दार त्याचं तीस वर्षांचं. तिचा एकुलता समाधान पाळण्यात होता तेव्हापासून झुलाल त्याला दरसाल अटक करायला यायचा. ती पोराला पुढे ढकलत म्हणायची, "लई जाय त्याले, मना जीव तरी सुटी!"

मागच्या पौषात झुलालने अंगणात काठी आपटली. "समाधान हाजीर हो! तुझ्या नावाचं वॉरंट आहे!"

भिकुबाई हात जोडूनच बाहेर आली. "साहेब, पोऱ्या घर नही शे."

एरवी ती त्याला 'झुलालभाऊ' म्हणायची. आज 'साहेब' ऐकून झुलालला वाटलं, बाईही रंगात आली! तो आणखी चढला. "खोटं बोलू नका! घराला वेढा पडलाय!"

ती त्याचे पाय धरायला वाकली तेव्हा कुठे त्याने टोपी काढली. "अक्का, मी शे, झुलाल!"

तोवर मागच्या भिंतीवरून कुणीतरी धपकन उडी मारली होती. रावेरला केळीचा ट्रॅक्टर चालवताना समाधानने चार दिवसांपूर्वी एका मोटारसायकलवाल्याला उडवलं होतं, आणि तो घरात दडून बसला होता. चोराच्या मनात चांदणं, त्याला आवाज ओळखू आला नाही. फोन खाटेवर टाकून तो पळाला तो पळालाच. पुढे जखमी माणूस बरा झाला, आपसात मिटलंही. पण सांगायचं कुणाला?

सोंग ओळखू न येणं हा रायरंदाचा मान. झुलालला त्या मानाचीच शिसारी आली. खाकी पेटीत गेली. 'साहेब' म्हणाली तेव्हाच मला कळायला हवं होतं, हे त्याला वर्षभर खात राहिलं.

या पौषात तो साध्या सदऱ्यात भिकुबाईच्या पाया पडायला गेला. तिने पाय मागे घेतले.

"पाया नको पडू. तू गावोगाव फिरस. खाकी घाल अन् दारोदार सांग, समाधान, केस मिटी गई, घर ये."

आता झुलाल दोंडाईच्यापासून रावेरपर्यंत दारोदार एवढंच ओरडतो. 'घर ये' म्हणताना दरवेळी त्याला रडू फुटतं. लोक खूश होऊन झोळीत ज्वारी टाकतात.

"काय खरंखरं रडस रे रायरंद!" म्हणतात.