डेल्बर्टची पडणारी घोडी

आमच्या काउबॉयच्या सिनेमांत मी मरायचं काम करायचो. कधी दरोडेखोर म्हणून, कधी जुगारी म्हणून. हिरोची गोळी लागली की टेकडीवरून गडगडत खाली यायचं आणि जेवणाची सुट्टी होईपर्यंत मेलेलं राहायचं. पोटाच्या कृपेने गडगडायला मला फारसे कष्ट पडत नसत.

हिरो होता लॉनी व्हान्स. पडद्यावर तो गिटार वाजवत डोंगर ओलांडी आणि जंगलात नवं गाव वसवायला निघालेल्या बायाबापड्यांना वाचवी. प्रत्यक्षात त्याला घोड्याची भीती वाटे. गाण्याच्या वेळी आम्ही एका पिंपावर खोगीर टाकून त्याला बसवत असू आणि दोघे जण खालून पिंप हलवत. पोरगं मनाने मात्र लोणी. घोड्यावरून जे काही खरं करायचं असे, ते लॉनीचे झालरीचे कपडे घालून डेल्बर्ट स्ट्राउड करी.

डेल्बर्ट खरा काउबॉय. त्यामुळेच तो सिनेमातल्या काउबॉयसारखा अजिबात दिसत नसे. बुटका, फेंगडा, पांढऱ्या झुपकेदार मिशांचा, आणि गाणं सुरू झालं की तबेल्यात पळणारा. वायोमिंगमध्ये गुरांमागे त्याचा जन्म गेला. दुष्काळात गुरं गेली, मालक गेला, कुरणं गेली. उरलेली एक घोडी घेऊन तो कॅलिफोर्नियात आमच्या शूटिंगच्या टेकड्यांवर आला. तिचं नाव बिस्किट. रंगामुळे असेल असं मला वाटे, पण स्वयंपाक्याची न्याहारीची बिस्किटं दोनदा गायब झाल्यावर खुलासा झाला.

धावता घोडा गोळी लागून कोसळतो, हे लोकांना फार आवडे. ते जमवायची आमची रीत अशी, की घोड्याच्या पुढच्या पायांना लांब तार बांधायची आणि तिचं दुसरं टोक जमिनीत पुरलेल्या खुंटाला. तार संपली की घोडा तोंडावर आपटे. काही उठत, काही उठत नसत. डेल्बर्टला हे बघवत नसे. "हिला मी पडायला शिकवतो," तो म्हणाला. भुसा नि वाळूच्या ढिगावर महिनोन् महिने त्याने तिला शिकवलं. डावा लगाम खेचून मान वळवली की बिस्किट कुशीवर अलगद झोपे. मग चालताना पडू लागली, मग दौडताना. पडून झालं की उठून त्याचा खिसा हुंगायची.

आमचा दिग्दर्शक हचिन्स. त्याला डेल्बर्टने गळ घातली, "साहेब, तार नको. सांगाल तिथे पाडतो. फक्त जमीन आधी खणून मऊ करू द्या."

"पडली नाही तर तार लावीन, म्हाताऱ्या."

"पडेल."

पहिल्या वेळी ती अशी पडली की आम्ही मेलेल्यांनीसुद्धा माना वर केल्या. पण कॅमेऱ्यात डेल्बर्टच्या पांढऱ्या मिशा आल्या. मिशांवर रुमाल बांधून दुसऱ्यांदा पाडली. तेव्हा मागच्या रस्त्याने एक मोटार गेली, आणि आमच्या सिनेमात अजून आगगाडीसुद्धा आलेली नव्हती. तिसऱ्या वेळेपर्यंत खणलेल्या जागेवर टेकडीची सावली पडली.

"खाली त्या उन्हात पाड," हचिन्स म्हणाला.

"तिथे खडक आहे साहेब. तासभर द्या, खणतो."

"तासाभराने ऊन तुझा बाप देणार? तू पाडतोस, का तार लावू?"

डेल्बर्टने त्या उन्हाच्या पट्ट्याकडे पाहिलं. तारेने ती तोंडावर जाणार, हे नक्की होतं. त्याच्या हाताने पडली तर निदान कुशीवर पडेल. तो खोगिरावर चढला.

बिस्किट उतारावरून भरधाव आली. उन्हाच्या पट्ट्यात त्याने डावा लगाम खेचला. खालची जमीन तिला दिसली असणारच. तरी ती पडली, शिकवल्यासारखी. हाड मोडल्याचा आवाज मी पडलो होतो तिथवर आला.

डेल्बर्ट उठला. ती उठू लागली आणि पुन्हा खाली गेली. पुढचा पाय खांद्यापासून लोंबत होता.

"पिस्तूल द्या कोणीतरी," तो म्हणाला.

आम्ही सगळे कमरेला पिस्तुलं लावून उभे होतो. दरोडेखोर, शेरीफ, गावकरी. एकातही खरी गोळी नव्हती. नुसता धूर निघायचा. गोळी आणायला एक माणूस मोटार घेऊन जवळच्या फार्मवर पिटाळला.

तोवर डेल्बर्ट तिचं डोकं मांडीवर घेऊन बसला. हचिन्स कॅमेरावाल्याला विचारत होता, "आलं ना सगळं?" लॉनी रडवेला होऊन माझ्यामागे उभा होता. तो पुढे झाला. "डेल्बर्टकाका, मी एखादं गाणं म्हणू का? हळू आवाजात? तिला बरं वाटेल."

दुसरं कोणी असतं तर मी कानफटात दिली असती. पण त्या पोराकडे द्यायला दुसरं काही नव्हतंच.

"नको रे बाळा," डेल्बर्ट म्हणाला. "तिलाही गाणी आवडत नाहीत."

मोटार आली. गोळी त्यानेच घातली.

पुढे तो घोड्यावर बसला नाही. दुसरं जनावर शिकवायला दिलं, तर त्याने खोगीर उतरवून ठेवलं आणि टोपी घेऊन चालू लागला. गावात संत्र्याच्या वखारीत खोकी ठोकायला लागला.

सिनेमा लागला तेव्हा तिसराच शॉट ठेवलेला होता. घोडी कोसळते, मग तिच्या जागी लॉनीसाठी आणलेली दुसरीच गरीब, गुबगुबीत घोडी टुणकन उठते आणि लॉनी तिच्या मानेला मिठी मारून गातो. पोरं टाळ्या पिटत.

थिएटरचा दरवान मला ओळखायचा. म्हणाला, "तुमच्यातला तो मिशाळ म्हातारा रोज तिकीट काढून येतो बघा. आणि अर्ध्यातून उठून जातो."

त्या संध्याकाळी मीही मागच्या रांगेत बसलो. पडद्यावर बिस्किट टेकडीवरून निघाली. मान ताणलेली, आयाळ उडतेय. पुढच्या रांगेत डेल्बर्ट खुर्चीच्या कडेला सरकून तिच्याकडे बघत होता. ती उन्हाच्या पट्ट्याजवळ आली तसा तो टोपी उचलून दाराकडे चालू लागला.

"आजोबा, आत्ता कुठे चाललात?" दरवान म्हणाला. "खरी मजा पुढेच आहे."

"असू दे," डेल्बर्ट म्हणाला. "धावताना बघायला आलो होतो."