आगबोटीतला मुऱ्हाळी

पारोळ्याच्या बसस्टँडमागे अभिमनभाऊंचं फवारणी पंप दुरुस्तीचं दुकान आहे. दुकान कसलं, चार पत्रे आणि एक लेथ. कपाशीवर मावा पडला की पाठीवरच्या पंपांची दारात रांग लागते, आणि भाऊ पंपाआधी मालकाची चौकशी करतात. मुलीचं जमलं का, विहिरीला पाणी किती, सासऱ्याचं ऑपरेशन कसं झालं. वॉशर बदलायला पाच मिनिटं, गप्पा तासभर. "यास्ना पंप कमी चालस, तोंड जास्ती," असं त्यांची बायको दिपमाला येणाऱ्याजाणाऱ्याला सांगते, आणि भाऊ ते कौतुकच समजतात.

भाऊंचं गाव धरणाच्या अलीकडच्या काठाला. पलीकडच्या काठाला त्यांची थोरली बहीण दिलेली, बेबाबाई. तिच्या गावच्या देवळाचा कळस भाऊंना गच्चीवरून दिसतो, पण रस्त्यानं जायचं म्हणजे सगळ्या धरणाला वळसा आणि कंबर खिळखिळी करणारे खड्डे. खानदेशात आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, हा लेकीबाळींचा सण. निंबाला झोके बांधतात, खापरावर मांडे होतात, आमरसाच्या वाट्या रिकाम्या होतात, आणि सासुरवाशिणीला न्यायला माहेरचा माणूस जातो. त्याला मुऱ्हाळी म्हणतात. पण आई गेली तेव्हापासून बेबाबाई आखाजीला माहेरी आलीच नव्हती.

भाऊ दरवर्षी न चुकता फोन करायचे. "अक्का, जीप धाडू का?"

उत्तर ठरलेलं. "नको रे भाऊ. मले गाडी लागस."

आता अक्काचे केस पांढरे झाले होते, गुडघे बोलायला लागले होते. अजून किती आखाज्या तिच्या वाट्याला उरल्यात, या विचारानं भाऊंना वाईट वाटायचं, आणि वाईट वाटलं की त्यांचे हात शिवशिवायचे. एके दिवशी गच्चीवर उभ्याउभ्या त्यांच्या मनात आलं, गाडी लागते ती खड्ड्यांनी आणि डिझेलच्या वासानं. पाण्यावर खड्डा नसतो. डिझेलही नको असेल तर वाफेवर चालणारी होडी करू. अक्काला या आखाजीला आगबोटीतून आणायचं, असं त्यांनी तिथल्या तिथे ठरवलं आणि संध्याकाळपर्यंत अर्ध्या तालुक्याला सांगूनही टाकलं. आता माघार घेणं शक्यच नव्हतं.

धुळ्याला अमृतलाल शेठच्या भंगारात एका बंद पडलेल्या कापसाच्या जिनिंगमधलं हातभर उंचीचं वाफेचं इंजिन मिळालं. मच्छीमारांची एक जुनी पत्र्याची होडी मिळाली. साखर कारखान्यात बॉयलरवर उभं आयुष्य काढलेले प्रेमराज नाना गावातच होते. त्यांनी दंडाइतक्या जाडीच्या नळांचा छोटा बॉयलर बांधून दिला, पाण्याच्या दाबानं तपासून दिला, आणि भाऊंना एकच गोष्ट तीनतीनदा बजावली, "या काचेच्या नळीत पाणी दिसलं पाहिजे. दिसेनासं झालं की काही विचार करायचा नाही, आग ओढून बाहेर काढायची."

राहिला पंप. बॉयलरमधलं पाणी वाफ होऊन जातं, तेवढं नवं पाणी आतल्या दाबाविरुद्ध आत ढकलत राहावं लागतं. ते ढकललं गेलं नाही तर बॉयलर कोरडा पडतो, आणि कोरडा बॉयलर माणसाला पलीकडच्या काठाला नेत नाही, थेट वर नेतो. पण पंप म्हटल्यावर भाऊंची छाती फुगली. "नाना, जलम गया मन्हा पंपमां! नोझल कपाशीवर सोडानं त्याऐवजी बॉयलरमां सोडानं, बस."

त्यांनी एक पितळी फवारणी पंप घेतला आणि जोडला. वाफ चढली तशी ती वॉल्व्हमधून उलटी पंपात शिरली, रबराचे वॉशर गुळासारखे पाघळले आणि पंपानं सगळं कढत पाणी भाऊंच्या नव्या सदऱ्यावर फवारलं. प्रेमराज नाना हसूनहसून खालीच बसले. "कपाशी कधी उलटी फवारते का रे?" एवढंच त्यांना बोलता आलं.

मग भाऊंनी घमेंड बाजूला ठेवली आणि लेथ सुरू केला. गनमेटलचा गोळा कातून पंपाचं नवं अंग केलं. रबराला रजाच दिली. जाड पोलादी दांडा आतबाहेर सरकेल आणि त्याच्याभोवती ग्रीस लावलेली दोरी घट्ट आवळलेली राहील असं केलं. वॉल्व्ह म्हणून बेअरिंगचे छर्रे बसवले, आणि वाफ परत फिरू नये म्हणून बॉयलरच्या तोंडाशी आणखी एक वॉल्व्ह लावला. एवढं करूनही पंप टकटक करायचा आणि पाणी जागच्या जागी. पंपाच्या पोटात हवा अडकत होती. दांडा पुढे गेला की ती दबायची, मागे आला की फुगायची, पाण्याला कोण विचारतो! भाऊ दोन दिवस गप्प होते. दिपमालानं डॉक्टरला बोलवायची भाषा केली. तिसऱ्या दिवशी त्यांनी बाहेर सोडणारा वॉल्व्ह पंपाच्या अगदी माथ्यावर नेला. हवा फुसकन निघून गेली, नळीला लावलेल्या बोटाला गार पाण्याचा ठोका लागला, आणि काचेतलं पाणी हळूहळू वर चढलं. भाऊंना इतका आनंद झाला की त्यांनी प्रेमराज नानांना उचलायचा प्रयत्न केला आणि पाठीत उसण भरून घेतली.

पंप इंजिनच्या दांड्यालाच जोडलेला होता. इंजिन फिरलं की पंप चालतो, वेगळी कटकट नाही. काठाकाठानं फेऱ्या मारून झाल्या, सगळं बेस चाललं.

आखाजीच्या दोन दिवस आधी सकाळी भाऊ डोक्याला फेटा बांधून निघाले. भट्टीत कपाशीच्या सुक्या पऱ्हाट्या, होडीत अक्कासाठी नवी साडी. उन्हाळ्यानं पाणी आटलं होतं, पण मधल्या पट्ट्यात होडीपुरतं भरपूर होतं. पलीकडे गाव काठावर लोटलं होतं. त्या गर्दीत पुढे बेबाबाई उभी होती, पिशवी भरून, डोक्यावरचा पदर सावरत.

"तू सोता उना?" तिनं विचारलं.

"मंग कोन ई? बठ लवकर."

पण तिचा नवरा भाईदास आडवा आला. मुऱ्हाळी आला आणि जेवल्याशिवाय गेला, असं त्या घरात कधी झालं नव्हतं. "पाहुना, सैपाक तयार शे. बिनाजेवनना जाशात तर गाव मले काय म्हनी?"

भाऊंचाही पाय निघेना. ओळखीचे चेहरे दिसत होते, कुणाचा पंप दुरुस्त केलेला, कुणाचा करायचा. त्यांनी इंजिन बंद केलं आणि एकाची चौकशी करता करता दुसऱ्याकडे वळले. तेवढ्यात बॉयलरवरची जादा वाफ सोडणारी झडप फुर्र करून उघडली. पोरंसोरं पळाली. भाऊंनी काचेकडे पाहिलं आणि त्यांच्या तोंडचं पाणी पळालं. वाफ भसाभस सुटत होती आणि काचेतलं पाणी तळाशी उतरलं होतं.

होडी थांबली, म्हणून इंजिन थांबलं. इंजिन थांबलं, म्हणून पंप थांबला. पऱ्हाट्या मात्र कुणासाठी थांबल्या नव्हत्या. कारखान्यातला पंप बॉयलरपासून वेगळा चालायचा, त्यामुळे नानांच्याही हे डोक्यात आलं नव्हतं. आणि भाऊ फवारणीच्या पंपांचे, पंप थांबला तर काही फुटेल अशी काळजी करायची त्यांना सवयच नव्हती.

"दाजी, जेवन ऱ्हाऊ द्या! इंजिन चालू नही कयं तर आग वढनी पडी. मंग आज अक्काले लई जाता येवाव नही."

भाईदासनं एकदा होडीकडे पाहिलं, एकदा घराकडे. जेवण राहू देणं त्याला शक्यच नव्हतं. "इंजिन चालनं म्हंजे पंप चालस ना? मंग चालू दे ना भो! बोटले बांधी टाका, बैलले बांधतस तशी!"

दोन पहारी चिखलात ठोकल्या गेल्या, बैलगाडीचा जाड दोर होडीला पडला. भाऊंनी इंजिन सुरू केलं. होडीनं पाणी घुसळलं, दोर ताणला, होडी जागच्या जागी निघाली. पंप टकटकू लागला. काचेत पाणी बोटभर वर आलं, मग दोन बोटं. ताटं काठावरच आली. भाऊ एक डोळा काचेवर आणि एक मांड्यावर ठेवून जेवले, आमरस दोनदा घेतला, आणि भाईदासचा जीव भांड्यात पडला.

दोर सुटला. बेबाबाई नवी साडी मांडीवर घेऊन पुढच्या फळीवर बसली. पाणी शांत होतं. भाऊ पऱ्हाट्या सारत होते, काच बघत होते, पंपाच्या दोरीवर ग्रीस लावत होते.

"अक्का, मळमळ व्हस का?"

"नही."

"देख, सांग मले. हळू चालाडसू."

बेबाबाईनं मांडीवरच्या साडीची घडी सारखी केली. "अभिमन, मले गाडी कधीच लागस नही रे."

भाऊंचा ग्रीसचा हात तसाच राहिला.

"माय व्हती तवपावत लेवाले कोनी तरी येये. माय गयी, मंग तुना फोन. जीप धाडू का, म्हने. ड्रायवर येवाव व्हता मले लेवाले. तू नही."

"इतल्या वरीसमां सांगं का नही मंग?" भाऊ ओरडलेच. "मी हाऊ बठ्ठा पंप... फटफटीवर अर्धा तासनी वाट व्हती अक्का!"

"सांगीसन लेवाले बलावनं पडनं, त्याले माहेर म्हनतस का?"

भाऊंना हसू आलं आणि रडूही आलं, दोन्ही एकदम, आणि बाहीनं डोळे पुसताना सगळ्या गालाला ग्रीस लागलं. बेबाबाई खदखदून हसली. ती लहानपणी हसायची तशीच, फक्त आता पुढचे दात नव्हते. "पुढल्या सालले फटफटी आनसू," भाऊ म्हणाले, आणि सवयीनं पुन्हा काचेकडे वाकले.

"काय बी आन. पन त्या काचकडे काय देखस मघपाइन? मन्हाकडे देख ना."

पाणी काचेत अर्ध्यावर होतं आणि पंप आपला आपण चालत होता. भाऊ काच सोडून बहिणीसमोर येऊन बसले.