उजवीकडे न वळणाऱ्या गाडीबाबत तक्रार

तक्रारदार: मी स्वतः, इयत्ता सातवी उत्तीर्ण, वर्ध्याच्या कचेरीच्या आवारात लिंबाखाली बसून बावीस वर्षे लोकांचे अर्ज लिहिणारा. गैरअर्जदार: माझे साडू, म्हणजे माझ्या पत्नीच्या थोरल्या बहिणीचे यजमान, धंदा शेती, राहणार देवळीजवळ. घटनेचा दिवस: माझी मुलगी सुमन हिच्या लग्नाचा, आणीबाणी उठल्यानंतरचा दुसरा उन्हाळा. साक्षीदार: माझी पत्नी, टायरवाले रहीमभाई, आणि त्या दिवशी माझ्या मांडवात जेवलेली सर्व माणसे, ज्यांपैकी एकानेही वेळेवर माझ्या तोंडावर हात ठेवला नाही.

तक्रार अशी की, वर्धा जिल्ह्यात हट्टी माणसांची वाण नाही, परंतु इतक्या मायेने, इतकी पूर्वतयारी करून चूक करणारा मनुष्य गैरअर्जदारांखेरीज दुसरा झालेला नाही. शंकरपटात, म्हणजे बैलांच्या शर्यतीत, गावोगावच्या जोड्यांना धूळ चारणारी आपली पांढरीशुभ्र गवळाऊ बैलजोडी या गृहस्थांनी एका जिनिंगवाल्या शेठच्या वारसांना दिली आणि बदल्यात गोदामात पडलेली, छत नसलेली, दोनच माणसांची तांबडी विलायती शर्यतीची मोटारगाडी आणली. मेहुणीबाई बैलांच्या रिकाम्या दावणीपाशी बसून दोन दिवस जेवल्या नाहीत. इंजिन धडधाकट निघाले. चाके मात्र गंजलेली, आणि टायरांत उंदरांनी पिढ्यान्पिढ्या बाळंतपणे उरकलेली. गाडी आणली त्याच दिवशी माझ्या सुमनच्या डोक्यावर हात ठेवून हे म्हणाले, "सुमे, तुई पाठवणी याच गाडीत. माहा शब्द हाये." मुलीने तो शब्द मनात जपून ठेवला. लग्न ठरले तेव्हा तिने शालू मागितला नाही, दागिना मागितला नाही, "मोठ्या काकांच्या गाडीची चाकं झाली का?" एवढेच विचारले. म्हणून सांगतो, प्रश्न चाकांचा नव्हता, माझ्या लेकीचा होता.

त्या मापाची चाके वर्ध्यात नव्हती, नागपुरातही नव्हती. मुंबईच्या एका कंपनीला मी सुवाच्य अक्षरात अर्ज लिहून दिला. त्यात ‘टायर स्वभावाने शांत असावेत’ हे वाक्य घालण्याचा यांचा आग्रह मी मोडून काढला. कंपनीने उलट विचारले, गाडी किती जुनी आहे? यांनी माझ्या गैरहजेरीत, बैलाचे वय दातांवरून सांगतात त्या हिशेबाने, पोस्टकार्डावर उत्तर धाडले, "सहा दाती असंन." त्यानंतर कंपनीचा पत्रव्यवहार बंद झाला, यात मी कंपनीला दोष देत नाही. अखेर दुसऱ्या गाड्यांची चाके बसवायचे ठरले आणि टायरावरचे आकडे वाचण्यासाठी हे मला रहीमभाईंच्या दुकानात घेऊन गेले. तेथे या गृहस्थांनी प्रत्येक टायराला तीन प्रदक्षिणा घातल्या, पाठीवरून हात फिरवला, अंगठ्याने दाबून पाहिले, वास घेतला, आणि मग म्हणाले, "पहिले चालून दाखवा." रहीमभाई हात जोडून म्हणाले, "काका, ये टायर है, बैल नहीं." "असू द्या ना भाऊ. ज्याची चाल पायली नाई, तो दावणीले बांधाचा नाई." असे म्हणून यांनी टायर भर रस्त्यावर सोडून दिला. तो बसस्टँडच्या दिशेने धावत जाऊन एका चिवडेवाल्याच्या टोपलीत विसावला. हे मागून सावकाश चालत गेले, चिवडेवाल्याच्या शिव्या शांतपणे ऐकून घेतल्या आणि परत येऊन निकाल दिला, "चाल बेस हाये, पण मान उजवीकडं टाकते." असे अकरा टायर नापास झाले. सूर्य डोक्यावर होता, माझे पक्षकार लिंबाखाली खोळंबले होते. शेवटी जीपच्या दोन आणि अ‍ॅम्बेसेडरच्या दोन चाकांवर मी बोट ठेवले आणि म्हणालो, "हेच घ्या. उत्तम आहेत." हे विधान मी केले, हे येथे नमूद करतो, कारण खोटा अर्ज मी आजवर लिहिलेला नाही.

पुलगावच्या एका लेथवाल्याने चाकांना नवी भोके पाडून दिली. जीपची चाके मोठी. ती मागे बसवावीत, कारण इंजिनाचा जोर मागच्या चाकांवर येतो, हे मी कागदावर आकृती काढून समजावले. यांनी आकृती उलटी धरून पाहिली. "साडभाऊ, तुमी शिकेल माणूस. पण मले सांगा, बंडीच्या मागं बैल जुपलेला तुमी कवा पायला? वढणारा मोठा, अन् मोठा पुढं." गाडीचे नाक आभाळाकडे लागले. मग यांनी आपल्या खळ्यावर, जेथे मधल्या खांबाभोवती बैल फिरवून ज्वारी मळतात तेथे, पाच दिवस गाडी फिरवून पाहिली. खळ्यावरचे बैल डावीकडे फिरतात. गाडीही डावीकडेच फिरली. एकदाही अडली नाही. "लोण्यावानी वयते," असा निरोप आला. आम्ही निश्चिंत झालो.

पाठवणीच्या वेळी दोन माणसांच्या गाडीत तीन माणसे बसली. हे चालवायला, शेजारी सुमन, आणि मागच्या डिकीवर गादी टाकून त्यावर जावईबापू, एका हाताने बाशिंग आणि दुसऱ्याने गाडी धरून. माझी पत्नी धाय मोकलून रडली. मीही चष्मा पुसला. गाडी निघाली. हिंगणघाटला जायचे तर आमच्या चौकात उजवीकडे वळावे लागते. तेथे यांनी स्टिअरिंगचे चक्र उजवीकडे फिरवले आणि जीपचे उजवे चाक त्या बाजूच्या चेपलेल्या मडगार्डला घासून जाम झाले. उजवीकडे ती गाडी वळतच नव्हती! तेव्हा हे डावीकडे वळले, पुन्हा डावीकडे, पुन्हा डावीकडे, पुन्हा डावीकडे, आणि नवरीसह माझ्या मांडवासमोर हजर झाले. बँडवाल्यांना वाटले, फेरी आहे. त्यांनी पुन्हा वाजवायला घेतले. पत्नी पुन्हा रडली. गाडी पुन्हा गेली आणि पुन्हा आली. तिसऱ्या खेपेस पत्नी रडता रडता हसू लागली आणि सारा मांडव हसला. फक्त व्याही हसले नाहीत. "सून निघाली अन् तीनदा माहेरी परतली, हा काय शकुन हाये का?" ते कडाडले, "अन् आमचा पोरगा काय स्टेपनी हाये, मागं बांधाले?" नवरानवरी अखेर वऱ्हाडाच्या बसने गेली. मग मी शेकडो माणसांसमोर गैरअर्जदारांना म्हणालो, "तुमच्या गाडीला उजवी बाजू नाही आणि तुम्हाला अक्कल नाही. पुन्हा माझ्या दारात चाक लावू नका." यांनी फेटा नीट केला, "बरं साडभाऊ," म्हणाले, आणि डावीकडे वळून गेले.

त्यास आठ वर्षे झाली. इतका आज्ञाधारकपणा या माणसाने जन्मात दुसऱ्या कशात दाखवलेला नाही, आणि माझा संताप याच मुद्द्यावर आहे. बहिणी-बहिणी भेटतात, हे रस्त्यावर उभे राहतात. गेल्या वर्षी तर यांनी आपल्या विहिरीचा अर्ज माझ्या समोरच्या लिंबाखालच्या इसमाकडून लिहून घेतला, ज्याला ‘विनंती’ची वेलांटी कोणती हे अद्याप ठाऊक नाही. मी पाहत होतो. हे माझ्याकडे पाठ करून बसले होते आणि यांचे कान लाल झाले होते.

परवा सुमन माहेरी आली. मी सवयीप्रमाणे यांच्या नावाने बोलू लागलो, तर ती म्हणाली, "बाबा, सगळ्या मुलींना निघताना घर एकदाच दिसतं. मला तीनदा दिसलं. तिसऱ्यांदा आई हसत होती. सासरी पहिल्या रात्री मला तेवढंच आठवत होतं." तिनेच सांगितले की गाडी अजून खळ्यावर फिरते आणि टायर तेच आहेत. बदला म्हटले, तर मोठे काका म्हणतात, "साडभाऊनं बोट ठेवलेले टायर हायेत ते. कसे काढू?"

सबब विनंती की, सदर बंदी मीच घातली असल्याने ती रद्द करण्याचा अधिकारही माझाच आहे, आणि तो मी या लेखाने वापरीत आहे. गैरअर्जदारांनी येत्या पोळ्याला, उभयतां, माझ्या दारात हजर व्हावे व याचे उत्तर समक्ष द्यावे. गाडीची सबब ऐकली जाणार नाही. देवळीकडून येताना माझे घर डाव्या हातालाच पडते.