पडद्यावरचा डावरा

आजही अंधार करून पडद्यावर काही दाखवायला लागले की मी आधी माणसांचे हात बघते. चेहरे मागाहून. बाकीचे गोष्टीत रमलेले असतात आणि माझं लक्ष कोण कुठल्या हाताने दार लोटतो, कुठल्या हाताने काडी ओढतो तिकडे. घरातले हसतात. हसू देत. त्यांना सगळं सांगून झालंय, पण सांगितल्याने माझ्या अंगावरचा काटा त्यांच्या अंगावर थोडाच जाणार आहे?

तेव्हा मी तारापूरच्या शाळेत नववीत होते. साठचं दशक अर्ध्यावर आलं होतं. अणुकेंद्राचं बांधकाम सुरू झाल्यापासून वर्गात घाटावरची मुलं आली होती, आणि शेजारच्या दांडी गावच्या मच्छीमारांतली मुलगी मी एकटीच. मला कुणी काही बोललं नाही तरी मी आधीच भांडायच्या तयारीत असे.

भूगोलाचे सरही घाटावरचे. तरुण होते, आणि पुस्तकापेक्षा पडद्यावर त्यांचा जास्त भरवसा. पालघरच्या एका शाळेत शैक्षणिक लघुपटांची पेटी यायची. तिथून ते बोईसरमार्गे एसटीने रिळाचा डबा मांडीवर घेऊन यायचे, शेजारच्याला हातसुद्धा लावू द्यायचे नाहीत. प्रोजेक्टर शाळेचाच होता. एकेक लघुपट चहा पिऊन होईतो संपायचा आणि बहुतेकांना आवाज नसायचा. सरांची रीत ठरलेली होती. पहिल्या वेळी नुसतं बघायचं, कुणी तोंड उघडायचं नाही. मग दिवा लावून ते विचारायचे, काय काय दिसलं? आणि मग तोच लघुपट पुन्हा लावून, सांगत सांगत, शिकवायचे. शिकवायची ही तऱ्हा मला फार आवडायची. नद्या, वाळवंटं, कोळशाच्या खाणी मी अशाच पाहिल्या, आणि अजून विसरलेले नाही.

अंधार करायला मात्र शाळेकडे पडदे नव्हते. म्हणून दांडीहून होड्यांची जुनी शिडं आणून खिडक्यांवर टांगायचे. वर्गभर खारा, सुक्या मासळीचा वास मारणारा काळोख व्हायचा. एक घाटावरची मुलगी नाकाला रुमाल लावून बसे. मी तिच्याकडे अशी बघायचे की रुमाल आपोआप खाली यायचा.

त्या वर्षी टांगलेल्या शिडांत आमच्या होडीचंही होतं. होडी वर ओढून ठेवली होती, त्यामुळे शिडाला दुसरं काम नव्हतं.

माझा थोरला भाऊ दिवाळीनंतर समुद्रात गेला तो परत आला नाही. होडी बाची, सुकाणूवर बा स्वतः. अचानक वारं उठलं, होडी कलली, सावरली, आणि सावरली तेव्हा भाऊ होडीत नव्हता. बाने दिवस मावळेपर्यंत पाण्यात घिरट्या घातल्या. मग खाली माहीम-शिरगावपर्यंत किनारा पालथा घातला. काही म्हणजे काही हाताला लागलं नाही.

देह मिळाला नाही की आमच्याकडे दर्भाचा आणि पळसाच्या पानांचा माणूस करतात, डोक्याच्या जागी नारळ ठेवतात, आणि त्याला अग्नी देतात. तसं केल्याशिवाय गेलेला माणूस जात नाही, घराभोवती फिरत राहतो, असं सगळे म्हणायचे. बा म्हणायचा, पोराला वाटेला लावल्याशिवाय मी होडी पाण्यात लोटणार नाही. आणि आई म्हणायची, जित्या पोराला जाळायचं नाय. तिला कोण समजावणार? संध्याकाळी अंगणात नुसती वाळू वाजली तरी आम्ही तिघंही हातातलं काम थांबवायचो आणि एकमेकांकडे बघायचं टाळायचो. मला तर खरंच वाटायचं की तो कुडाला टेकून उभा आहे आणि आत घेतलं जाण्याची वाट बघतोय. मला त्याची भीती वाटायची. सख्ख्या भावाची भीती वाटते म्हणून रडूही यायचं.

अशातच एके दिवशी सरांनी किनाऱ्यावरच्या मासेमारीचा लघुपट लावला. सुरुवातीचा तुकडा तुटलेला असावा, नाव वगैरे काही आलं नाही, एकदम समुद्रच आला. गुजरातेतला काठेवाडचा किनारा, असं सरांनी आधी सांगून ठेवलं होतं. होड्या दिसल्या, सुकत घातलेले मासे दिसले. मी मनातून नाक मुरडत होते, हे मला काय शिकवणार म्हणून. आणि मग एक माणूस आला. कमरेएवढ्या पाण्यात, पाठमोरा, डोक्याला रुमाल. हातात पाग, म्हणजे फेकायचं गोल जाळं. तो किंचित वाकला, अंग पिळलं आणि डाव्या हाताने पाग फेकला.

माझा भाऊ डावरा होता. जेवण तेवढं उजव्या हाताने, बाकी सगळं डाव्याने. आमच्या सगळ्या किनाऱ्यावर डाव्या हाताने पाग फेकणारा तो एकच. पोरं त्याची नक्कल करायला जायची आणि जाळ्यासकट पाण्यात पडायची.

पडद्यावरचं जाळं पाण्यावर पसरलं. माणूस वळायला लागला. खांदा दिसला, कानाची पाळी दिसली, आता चेहरा दिसणार, तोच पडद्यावर माशांच्या टोपल्या आल्या.

सरांनी दिवा लावून विचारलं, काय काय दिसलं? मुलं होड्या म्हणाली, मासे म्हणाली. मी रिकाम्या पडद्याकडेच बघत होते. मग सरांच्या रीतीप्रमाणे लघुपट पुन्हा लागला. पुन्हा तो आला, पुन्हा त्याने डाव्या हाताने पाग फेकला, आणि पुन्हा वळता वळता राहिला. या वेळी मी बाक इतका घट्ट धरला होता की शेजारचीने विचारलं, बरं नाही का तुला?

घरी पळत गेले. आई ओटीवर सुकट निवडत होती. मी सांगितलं तसं तिने सूप खाली ठेवलं.

"डावऱ्या हातानं?" तिने विचारलं.

"डावऱ्याच."

"आनि कमरेत असा वाकून?"

"तसाच."

तिला नवल वाटलंच नाही, आणि त्याचाच मला धक्का बसला. ती म्हणाली, "वाऱ्यानं तिकडे नेला असंल. कुना गुजराती होडीनं उचलला. आपली मानसं गेलीत की तशी, मागून परत बी आलीत." मग सूप पुन्हा ओढून घेत म्हणाली, "पन तो यायचा नाय आपनहून. राग हाय त्याला. ल्हान असताना मी त्याचा डावा हात बांधून ठेवायची, चिंधीनं. उजवा चालावा म्हनून. तो रडायचा, आनि मी बांधायची."

हे मला ठाऊक नव्हतं. तिने ते आधी कुणालाच सांगितलं नसावं, कारण दारात उभा असलेला बासुद्धा तिच्याकडे बघत राहिला.

बाने विधीचा दिवस धरला होता. आई हटून बसली. शेवटी बा म्हणाला, "बघून ये एकदाचं. मंग तरी ऐकशील?"

"तो नसला तर तुमी म्हनाल तसं," आई म्हणाली. "पन तो असला, तर तुमी काठेवाडाला जायचं आनि त्याला घेऊन यायचं. मी येऊन त्याच्या पाया पडंन."

मी सरांना सगळं सांगितलं. त्यांनी एक अक्षर न विचारता पालघरला जाऊन तो डबा पुन्हा आणला. शनिवारी सकाळची शाळा सुटल्यावर आम्हाला बोलावलं. आई बाकावर बसली नाही, जमिनीवर बसली. आधी ती खिडकीवरच्या शिडाकडेच बघत होती. आमचंच होतं ते, त्यावरचं ठिगळ तिनेच घातलेलं. बा भिंतीला टेकून उभा राहिला. यंत्राची घरघर सुरू झाली.

होड्या आल्या. मासे आले. तो आला, पाठमोरा. वाकला. आणि त्याने उजव्या हाताने पाग फेकला.

आई म्हणाली, "हा नव्हं. तो दुसरा लावा."

सरांनी यंत्र बंद केलं. त्यांचा चेहरा उतरला होता. ते म्हणाले, "आई, दुसरा नाही. हाच तो." मग सांगायला लागले. आवाज नसलेल्या रिळाला दोन्ही कडांना भोकं असतात, त्यामुळे ते पालथं गुंडाळलं तरी यंत्रात बसतं आणि चालतं. मागच्या शाळेने ते तसंच गुंडाळून पाठवलं होतं. पालथं चाललं की आरशासारखं होतं, उजवा हात डावा दिसतो. होडीवरची अक्षरं त्यांनाही विचित्र वाटली होती, पण गुजराती अशीच असेल म्हणून ते गप्प बसले. परवा डबा आणल्यावर त्यांनी रिळाची त्या अक्षरांची पट्टी तारापूरच्या गुजराती वाण्याला दाखवली. तो हसत सुटला आणि म्हणाला, मास्तर, उलटं धरलंय. म्हणून त्यांनी रीळ सरळ करून लावलं होतं.

मी उठून उभी राहिले. माझा संताप संताप झाला होता. "मग सरळ कशाला केलंत?" मी ओरडले. "तुम्हाला कोणी सांगितलं होतं सरळ करायला?" असं सरांशी बोलतात का? पण मी बोलले, आणि आजही मला त्याचं काही वाटत नाही. सरांनी खाली बघितलं.

आई तेवढी शांत होती. म्हणाली, "मला हातात दाखवा."

सरांनी खिडकीवरचं शीड बाजूला सारलं, रीळ सोडून तेवढा भाग शोधला आणि पट्टी उजेडात धरून तिच्या हातात दिली. आईने ती डोळ्याजवळ नेली. नखाएवढ्या चौकटीत नखाएवढा माणूस पाण्यात उभा होता. एका बाजूने धरली की उजवा हात. तिने पट्टी पालथी केली. डावा हात. पुन्हा उलटली. उजवा. बा जवळ आला, वाकून बघायला लागला. ती परत परत उलटत राहिली. मला वाटलं, आता ती ही पट्टी डाव्या बाजूनेच धरून ठेवणार आणि उठणारच नाही.

मग ती म्हणाली, "ह्या बाजूनं माजा. आनि ह्या बाजूनं दुसरीचा."

तिने पट्टी नीट सरळ केली, उजवा हात उजवीकडे येईल अशी, आणि सरांना परत दिली.

"तिचा तिला राऊ दे," ती म्हणाली. आणि बाच्याकडे वळून, "दिवस बदलू नका. धरलाय तोच राऊ दे."

त्या दिवशी अंगणात पळसाच्या पानांचा माणूस निजवला. आईने त्याच्या नारळावरून हात फिरवला, लहान मुलाच्या डोक्यावरून फिरवावा तसा, आणि मग ती जी रडली, ती इतक्या दिवसांचं सगळं एकदम. पुरुष त्याला घेऊन गेले. काही दिवसांनी बाने होडी पाण्यात लोटली. अंगणातली वाळू त्यानंतरही वाजायची, पण आम्ही हातातलं काम थांबवेनासे झालो.

श्रावणात नारळी पौर्णिमेला सगळी वस्ती किनाऱ्यावर आली. आईच्या हातात दोन नारळ होते. एक तिने समुद्राला वाहिला, बासाठी, होडीसाठी, जसा दर वर्षी वाहायची तसा. दुसरा घेऊन ती पाण्यात पुढे पुढे जायला लागली. मी घाबरून तिच्यामागे धावले आणि तिचा हात धरला. "आये, हा कोनासाठी?"

"त्या उजव्यासाठी."

"तो कोन आपला?"

"कोनी नाय." पाणी तिच्या कमरेला लागलं होतं. ती समोर बघत होती, जिथे काहीच नव्हतं, नुसता समुद्र होता. "तो अजून पान्यात उभा हाय बाय, पाठ करून. तो तितं हाय ह्ये त्याच्या आयेला ठाव बी नसंल. तिला कळंस्तवर कोनीतरी बघाया पायजे ना त्याच्याकडे."