मनगटापासून बोटांपर्यंत

"डोळे मिटा ताई," डॉक्टर म्हणाले, "आणि टोचलं की सांगा."

मी डोळे मिटून बसले. बराच वेळ झाला तरी काही होईना. शेवटी मीच म्हटलं, "टोचा की मग डॉक्टर, मी काही भीत नाही."

डोळे उघडले तर डॉक्टरांच्या हातात टाचणी आणि माझ्या उजव्या हाताच्या अंगठ्यावर, तर्जनीवर, मधल्या बोटावर बारीक लाल ठिपके. शेजारी उभे असलेले आमचे हे पांढरेफटक पडले होते. टोचून कधीच झालं होतं.

"मीडियन नर्व्ह तुटलीय," डॉक्टर म्हणाले. मीडियन नर्व्ह म्हणजे मनगटातून तळहातात उतरणारी मोठी नस. हिच्यातून रक्त वाहत नाही, जाणीव वाहते. गरम, गार, मऊ, टोकदार, सगळं तिच्यातूनच वर मेंदूला कळतं. माझी ती तुटून महिना उलटला होता आणि मी आपली हात झाडत हिंडत होते, की जाईल हळूहळू बधिरपणा.

आता मी कोण ते सांगते. बाळ-बाळंतिणींना न्हाऊ घालणं हे माझं काम. मिरकरवाड्यापासून वरच्या आळीपर्यंत निम्म्या रत्नागिरीची पोरं माझ्या नडग्यांवर पालथी पडून रडलेली आहेत. आता मिशा फुटलेले बाप्ये रस्त्यात भेटतात आणि मला बघून लाजतात. तेलाने बुळबुळीत झालेलं बाळ धरायचं म्हणजे सगळा बोटांचा खेळ. कुठे दाबायचं, कुठे नुसतं टेकवायचं, हे बोटांनाच कळतं.

वैशाखात लोणच्याची काचेची बरणी धुताना हातात फुटली आणि मनगटात घुसली. रक्ताची नुसती धार लागली. हे धावत माळ्यावर चढले, कोळिष्टकांचा बोळा काढून आणला, त्यात हळद कोंबली आणि माझ्या जखमेवर दाबून धरला. आमच्याकडे असंच करतात. ह्यांच्या आईने केलं, तिच्या आईने केलं. रक्त थांबलंसुद्धा. थांबलं म्हणून दवाखान्यात कुणी गेलंच नाही, आणि तिथेच चुकलं.

मग जखम चिघळली. गल्लीतल्या डॉक्टरांनी धुऊन, गोळ्या देऊन ती बरी केली. बोटं बधिर होती, पण सूज आहे म्हणून असेल असं आम्हीच ठरवून टाकलं. एके दिवशी भाकरी उलटताना कसला तरी करपल्याचा वास आला. भाकरी तर पांढरी होती. बघते तर माझं बोट तव्याला टेकलेलं. तेव्हा कुठे ह्यांनी रिक्षा काढली आणि मला हाताच्या सर्जनकडे आणलं. कोल्हापूरहून आठवड्यातून एकदा ते इथल्या हॉस्पिटलात येतात.

घरी परतताना हे रिक्षा चालवत होते आणि मागे वळून बघत नव्हते. मी रागाने म्हटलं, "माळा झाडायला सांगितला की कंबर दुखते, आणि तेव्हा बरे चढलात!" एरवी उलट उत्तर आलं असतं. त्या दिवशी नुसता शर्टाच्या बाहीने चेहरा पुसला. मला फार वाईट वाटलं, पण तसं बोलले नाही.

संध्याकाळी चिपळूणहून लेकीचा, मयुरीचा फोन आला. "आई, गोड बातमी आहे गो!" माझ्या हातून फोन खाली पडला. आनंदाने पडला असं तिला सांगितलं. खरं म्हणजे तो बोटांतून कधी निसटला ते मला कळलंच नव्हतं.

पहिलं बाळंतपण माहेरी. म्हणजे तिचं बाळ माझ्याच पायांवर न्हायचं. मी पडल्या पडल्या हिशेब मांडत होते. गावभरची पोरं न्हाऊ घातली, आणि माझं नातवंड परक्या बाईच्या हाती द्यायचं का?

नर्व्ह कंडक्शन टेस्ट झाली. हातावर वायरी लावून बारीक वीज सोडतात आणि ती कुठपर्यंत पोहोचते ते बघतात. मनगटाशी वीज अडली. ऑपरेशन ठरलं. तुटलेली टोकं आखडून घट्ट झालेली असतात, ती छाटावी लागतात आणि मध्ये फट राहते. त्या फटीत पायातली एक नस काढून बसवतात. याला नर्व्ह ग्राफ्ट म्हणतात, कलमच म्हणा ना.

"घोट्याच्या बाहेरच्या बाजूला थोडं बधिर राहील. चालेल?"

"नडग्या सोडून कुठलीही घ्या," मी म्हटलं.

डॉक्टरांनी ह्यांना विचारलं, जखमेवर नेमकं काय लावलं होतं? हे खाली मान घालून म्हणाले, "कोळिष्टक." मला वाटलं आता ह्यांची खरडपट्टी निघणार. निघालीच. जाळ्याबरोबर माळ्यावरची धूळ, पालीची घाण, सगळंच आत जातं, असं पुन्हा कधी करू नका, डॉक्टर चांगले रागावले. मग खुर्चीत मागे टेकले.

"पण गंमत बघा," ते म्हणाले. "परदेशात कोळ्याच्या धाग्यावर याच कामासाठी प्रयोग चाललेत. माळ्यावरचं जाळं नव्हे. मोठ्या कोळ्याचा एकेक धागा काढून घ्यायचा, निर्जंतुक करायचा, आणि तुटलेल्या नसेच्या दोन टोकांमध्ये ओढायचा. नस आपोआप जोडली जात नाही, तिला वाढत जायला वाट लागते. नसेच्या पेशी त्या धाग्याला धरून सरपटत पुढे जातात. काम झालं की शरीर तो धागा हळूहळू विरघळवून टाकतं. आपल्याकडे अजून ते नाही. आपण पायातली नस वापरतो. काम तेच, वाट दाखवायचं."

ह्यांनी मान वर केली. "कुठला कोळी, डॉक्टर?"

"तुमच्याकडे असतो की. सुपारीच्या बागेत, पावसाळ्यात. काळा-पिवळा, हाताएवढा. जाळं सोनेरी असतं बघा. प्रयोगातला कोळी त्याच्याच घराण्यातला."

झालं! ऑपरेशनला दोन दिवस होते तेवढ्यात रिक्षात बसलेल्या प्रत्येक गिऱ्हाइकाला कोळ्याची महती कळली.

ऑपरेशन मला आठवत नाही. त्यानंतरचे दिवस आठवतात, तेही सलग नाहीत. हात प्लास्टरमध्ये, उशीवर उंच ठेवलेला. श्रावण चालू होता. हे मला पडवीत खाटेवर झोपवून जायचे. समोर आमच्या चार सुपाऱ्या, आणि दोन सुपाऱ्यांच्या मध्ये तो कोळी. खरोखरच हाताएवढा. पाऊस थांबून ऊन पडलं की जाळं पिवळं धमक दिसायचं, ऊन गेलं की हवेत नुसता कोळी लटकलेला. ह्यांनी कपड्यांची दोरी तिथून काढून लांब मोरीकडे बांधली, त्याच्या जाळ्याला धक्का नको म्हणून. सत्तावीस वर्षं संसार केला, माझ्यासाठी कधी दोरी हलवली नव्हती.

गोळ्यांनी गुंगी असायची. निम्मी झोप, निम्मी जाग. मला वाटायचं, मनगटातून कुणीतरी निघालंय. हातात कंदील, पायाखाली भाताच्या दोन खाचरांमधला अरुंद बांध, दोन्हीकडे काळं पाणी. ते माणूस एक पाऊल टाकतं, थांबतं, पुन्हा एक टाकतं. कधी त्याचा चेहरा मयुरीसारखा असायचा, लहानपणीचा. मी हाक मारायची, सांभाळून गो! आणि जागी व्हायची तर समोर कोळी धागा सोडत असायचा, वारा नसतानाही हळूच हलत.

डॉक्टरांनी सांगितलं होतं, नस दिवसाला जेमतेम मिलिमीटरभर वाढते. जाड्या रव्याच्या कणाएवढी. मयुरीच्या पोटात ते वाढतंय, माझ्या हातात हे. आधी कोण पोहोचणार? दुपारी डोळे मिटले की मला दोन्ही एकमेकांत मिसळल्यासारखी वाटायची. खरंच सांगते, वेड लागल्यासारखे दिवस होते ते, पण वाईट नव्हते.

प्लास्टर निघालं. डॉक्टर मनगटावर टिचकी मारून बघायचे. नस जिथवर आलेली असते तिथे टिचकी बसली की पुढे बोटांकडे झिणझिण जाते. गणपतीत ती मनगटाशीच होती. दसऱ्याला तळहाताच्या मध्यावर. फिजिओथेरपीची मुलगी मला डोळे मिटून कापूस, खरखरीत गोणपाट, तांदूळ चाचपायला लावायची. मला सगळं सारखंच. "कसं वाटतंय काकू?" "कुणा दुसरीचा हात लावून आणल्यासारखं." ती हसायची, मी नाही.

तुमच्यापैकी कुणावर ही वेळ आली तर एवढंच सांगते. बधिर बोटांवर विश्वास ठेवू नका. गरम भांडं, सुरी, पाणी, सगळं डोळ्यांनी बघून धरा. आणि जखमेवर कोळिष्टक, हळद, चहापूड काही लावू नका. स्वच्छ फडकं दाबा आणि दवाखाना गाठा. बोटांना कळत नसेल तर त्याच दिवशी सांगा. माझ्यासारखा महिना घालवू नका.

पौषात मयुरी बाळंत झाली. मुलगी. नस तेव्हा बोटांच्या पेरांशी रेंगाळत होती. बाळ जिंकलं.

मी मयुरीला म्हटलं, "दुसरी बाई बघूया."

"काय बोलतेस? तुझ्याच पायांवर न्हाईल ती. नाहीतर राहू दे पारोशी."

"माझ्या हातून निसटली तर?"

"बाबा आहेत ना."

त्यामुळे आमच्या न्हाणीघरात रोज सकाळी जत्रा. मी पाटावर पाय पसरून, पायांवर नात. तेल आणि टाळू डाव्या हाताने. पाण्यात कोपर बुडवून बघायचे हे, तांब्या ओतायचे हे, आणि "अगो, मान धर, मान!" असं ओरडायचेही हेच. पन्नास वर्षांचा रिक्षावाला बाळाला न्हाऊ घालतो म्हणून शेजारणी खिडकीतून बघायला यायच्या. मी उजवा हात नुसता आडोसा म्हणून धरायची, नजर त्याच्यावरच रोखून. मला लाज वाटायची, आणि हसूही यायचं.

एका सकाळी तेल लावून झालं होतं. मयुरी दारातून टॉवेल कुठाय विचारत होती, म्हणून मी तिकडे बघितलं. तेवढ्यात माझं मधलं बोट कुणीतरी आवळलं.

मी खाली बघितलं. मधलं बोट मोकळंच होतं. नातीच्या मुठीत माझी तर्जनी होती.

मी ती हळूच सोडवली. डोळे मिटले. तर्जनी पुन्हा तिच्या तळव्यावर टेकवली. तिने धरली. तिची मूठ मला कळली ती मधल्या बोटातच. ओलसर, कोमट, इवलीशी.

मी अशी काही ओरडले की ह्यांना वाटलं पोर भाजली. थंड पाण्याची अख्खी बादली घेऊन आले. मी रडत होते, नात रडत होती, आणि मयुरी दोघींकडे बघून रडायला लागली.

डॉक्टर फोनवर हसले. नसेचे नवे तंतू येताना कधी आपलं घर चुकतात, शेजारच्या बोटात शिरतात, म्हणाले. मेंदूला रोज बघून बघून शिकवायचं. थोडंफार सुधारेल, थोडं असंच राहील. सगळं पूर्वीसारखं होईल असं ते आधीही म्हणाले नव्हते, आताही म्हणाले नाहीत. त्यांचे आणि त्या फिजिओच्या पोरीचे उपकार मी फेडू शकत नाही.

आता मी रोज नातीला तर्जनी देते आणि बघत बघत मनाला सांगते, ही तर्जनी हो. मन म्हणतं, मधलं. चालू दे भांडण. चुकीच्या बोटात का होईना, माझ्या नातीचा हात मला कळला.